नाणं कुणाचं चालतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात कविता वाचायला गेलो होतो. कविता संपल्या, मुलांना म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. मला वाटलं, मुक्तछंदाबद्दल काही विचारेल. त्यानं विचारलं, "सर, पुढची महासत्ता कोण? चीन की आपण?" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या एकाही कवितेला तेवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. अर्थशास्त्राचा एक पेपर दिला होता, त्यात कसाबसा पास झालो. तेव्हा काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आणि मग आठवली ती मोठ्या मामूंची पेटी.

आमचं गाव कोकणात, खाडीकाठी. मोठे मामू १९५८ साली मुंबईहून 'द्वारका' नावाच्या बोटीनं दुबईला गेले. तेव्हाची दुबई म्हणजे आज टीव्हीवर दिसते ती नव्हे. तेल सापडलं नव्हतं. एक खाडी, खाडीत शिडाची गलबतं, काठावर वखारी. मामू म्हणत, "एका खाडीवरून उठलो आणि दुसऱ्या खाडीवर जाऊन बसलो, एवढंच." एका वखारीत ते हिशेब लिहीत. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घडीखाली, एक दहाची नोट सापडली. नोट आपलीच, रिझर्व्ह बँकेची. अशोकस्तंभ आहे, मागच्या बाजूला शिडाचं जहाज आहे. पण रंग लाल, आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी 'झेड' अक्षर. ही नोट भारतात चालत नसे. ती चालायची दुबईत, बहरीनमध्ये, कुवेतमध्ये, कतारमध्ये.

आजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. अरबस्तानच्या त्या सगळ्या किनाऱ्यावर १९६०च्या दशकापर्यंत भारताचा रुपया हेच रोजच्या व्यवहाराचं चलन होतं. मासळी रुपयात, मोती रुपयात, हमालाची मजुरी रुपयात. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या बाजाराशी त्या किनाऱ्याचा जो व्यवहार होता, त्याबरोबर रुपया तिथे गेला आणि रुजला. आपण स्वतंत्र झालो तरी तो तिथेच राहिला. अडचण झाली सोन्याची. दुबईतून सोनं चोरून आपल्या किनाऱ्यावर यायचं, त्याचे रुपये तिकडे जायचे, तिथले व्यापारी ते बँकेत देऊन पौंड मागायचे आणि ते पौंड भरून द्यायचे रिझर्व्ह बँकेनं. म्हणून १९५९ साली आखातासाठी या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठीही त्याच सुमारास निराळ्या नोटा निघाल्या होत्या.

आता गंमत बघा. तेव्हाचा भारत काही महासत्ता नव्हता. गहू अमेरिकेहून यायचा, पी. एल. ४८०च्या करारानं. पण परक्या गावचा एक कोळी, ज्यानं भारत कधी पाहिला नाही, तो संध्याकाळी आपली मासळी विकून अशोकस्तंभाची नोट उशाखाली ठेवून झोपत होता. उद्या या कागदाला कुणी नाही म्हणणार नाही, एवढी त्याला खात्री होती.

ती खात्री कशी गेली, तेही मामूंनी पाहिलं. आधी १९६१ साली कुवेतनं आपला दिनार काढला, १९६५ साली बहरीननं. मग ६ जून १९६६ला आपल्या सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं. दोन युद्धं झालेली, दुष्काळ, परकीय चलन संपत आलेलं, आणि ज्यांच्याकडून मदत यायची त्यांचा दबाव. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. पौंडात मोजलं तर शंभर रुपयांची साडेसात पौंड किंमत पावणेपाचवर आली, तीही एका रात्रीत. आखातातल्या शेखांनी काही दिवसांतच रुपयाची साथ सोडली. दुबईत थोडे दिवस सौदी रियाल चालला, मग कतार आणि दुबईचा मिळून एक रियाल निघाला, आणि १९७३ साली दिरहम आला. मामूंचा मालक तोच, खुर्ची तीच, चोपडी तीच. पगार मात्र सात वर्षांत चार प्रकारच्या नोटांत हातात पडला. ओमानमध्ये रुपया आणखी थोडा टिकला, १९७०पर्यंत. मग तिथूनही गेला.

ती एक नोट मामूंनी बदलून का घेतली नाही, ते कधी बोलले नाहीत.

महाविद्यालयातल्या त्या मुलाला मला हे सांगायचं होतं. महासत्ता कोण हे रणगाडे मोजून थोडंफार कळतं, उत्पन्नाचे आकडे मोजून आणखी थोडं कळतं. पण ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही असा दूरचा माणूस कुणाचं नाणं उशाखाली ठेवून झोपतो, ते पाहिल्याशिवाय पुरतं कळत नाही. अरबस्तानातच याचा एक विलक्षण दाखला आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० साली वारली. तिच्या छापाचा चांदीचा डॉलर त्यानंतर पावणेदोनशे वर्षं येमेन-ओमानच्या बाजारात चालत होता. टांकसाळीत तो पाडायचे तेसुद्धा १७८० हेच साल घालून. पुढे तिचं साम्राज्य बुडालं, पण बाजारात कुणाचं काही अडलं नाही.

आमच्या कोकण किनाऱ्याला महासत्तांची सवय आहे म्हणा. सोळाव्या शतकात या समुद्रावर गलबत हाकायचं तर पोर्तुगीजांचा परवाना लागे, त्याला 'कार्ताझ' म्हणत. मोगल बादशहाच्या, मक्केला यात्रेकरू नेणाऱ्या जहाजांनासुद्धा तो घ्यावा लागे. बादशहा जमिनीवर केवढा का असेना, पाण्यावर त्याला कागद दाखवावा लागायचा. पुढे इंग्रज आले. आज बहरीनमध्ये अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय आहे, १९९५पासून. चीननं २०१७ साली आफ्रिकेच्या टोकाशी जिबूतीत तळ उघडला, तो देशाबाहेरचा त्यांचा पहिला. ते पोर्तुगीज आता गेले. चौलहून गेले, वसईहून गेले, १९६१ला गोव्याहूनही गेले. आमच्याकडे 'पगार' हा शब्द तेवढा ठेवून गेले. म्हणजे मामू जो पगार घ्यायचे त्यातला शब्द पोर्तुगीज, नोट हिंदुस्थानी, मालक अरब आणि त्या शेखाचा पाठीराखा इंग्रज. मला या एका पगारावर कविता लिहायची होती. अजून जमलेली नाही.

आता भविष्यवाण्यांबद्दल. 'महासत्ता' ही कल्पना तशी नवी आहे. १९४४ साली विल्यम फॉक्स नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी या विषयावर पुस्तक लिहिलं आणि इंग्रजीतला तो शब्द रूढ झाला. त्यांनी तीन महासत्ता सांगितल्या होत्या : अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन. तिसरं नाव बारा वर्षांत गळालं.

ते कसं गळालं हे पाहण्यासारखं आहे. जुलै १९५६मध्ये इजिप्तच्या नासरांनी सुएझ कालवा राष्ट्रीय मालकीचा केला. ब्रिटन आणि फ्रान्सनं इस्रायलशी गुपचूप संधान बांधून हल्ला केला. रणांगणावर ते हरत नव्हते. पण तिकडे पौंड घसरू लागला, लंडनची गंगाजळी आटू लागली. नाणेनिधीकडून मदत हवी तर अमेरिकेची संमती हवी, आणि अध्यक्ष आयसेनहॉवर म्हणाले, आधी लढाई थांबवा. ६ नोव्हेंबरला लढाई थांबली. डिसेंबरात सैन्य परत निघालं, जानेवारीत पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणायचे, त्याला बँकेच्या खिडकीवर थांबवलं गेलं. १९६८ साली ब्रिटननं जाहीर केलं की आम्ही १९७१अखेर आखातातून निघणार, आणि निघालेही. २ डिसेंबर १९७१ला संयुक्त अरब अमिरातीचा जन्म झाला. मामू तेव्हा तिथेच होते. म्हणायचे, "साहेब गेला त्या दिवशीही आम्ही पोती मोजत होतो."

फॉक्स यांचं दुसरं नाव, रशिया, १९९१च्या डिसेंबरात पुसलं गेलं. अण्वस्त्रं होती, अवकाशयानं होती. पण रूबल उशाखाली ठेवून झोपणारा माणूस रशियाबाहेर तर नव्हताच, रशियातसुद्धा लोक गुपचूप डॉलर साठवत होते.

माझ्या शाळकरी वयात पुढची महासत्ता म्हणून नाव घेतलं जायचं ते जपानचं. मामू सुट्टीवर येताना जपानी टू-इन-वन घेऊन आले, तेव्हा अर्धा गाव ओटीवर जमला होता. अमेरिकेत तर 'जपान पहिल्या क्रमांकावर' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक १९७९मध्येच आलं होतं. १९८९ साली एका जपानी कंपनीनं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरची मालकी विकत घेतली, तेव्हा अमेरिकन लोकांना आपलं घर गेल्यासारखं वाटलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टोकियोचा शेअर बाजार शिखरावर पोचला आणि मग असा कोसळला की ते शिखर पुन्हा ओलांडायला २०२४ उजाडावं लागलं. ज्यांनी १९८९ साली भविष्य सांगितलं ते काही मूर्ख नव्हते. त्यांनी समोरची रेघ पुढे वाढवून दाखवली, इतकंच. आपणही तेच करतो.

मग चीन? मला वाटतं, चीनला महासत्ता म्हणायचं की नाही हा वाद आता संपल्यातच जमा आहे. २००१च्या डिसेंबरात तो जागतिक व्यापार संघटनेत आला, २०१०मध्ये जपानला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाला. जगातल्या कारखान्यांत जे तयार होतं त्यातला जवळपास तिसरा हिस्सा आज एकटा चीन तयार करतो. आमच्या गावच्या उरुसातली खेळणी चिनी, दिवाळीतल्या माळा चिनी, आणि महासत्तेची चर्चा ज्या मोबाइलवर चालते तोही बहुधा चिनी. आपला हंबनटोटा बंदर श्रीलंकेनं २०१७मध्ये ९९ वर्षांच्या करारानं चिनी कंपनीला दिलं. बघा, बोलता बोलता 'आपला' म्हणून गेलो. शेजाऱ्याचं गेलं की आपलं वाटतं.

पण नाण्याचं काय? जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत चिनी युआनचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. डॉलरचा शतकाच्या आरंभी सत्तर टक्क्यांच्या घरात होता, तो घसरत घसरत साठच्या खाली आला, तरी अजून निम्म्याहून जास्त आहे. कारण सरळ आहे. चीनमध्ये पैसा नेणं सोपं, काढणं अवघड. तिथल्या साध्या नागरिकाला वर्षाला पन्नास हजार डॉलरपलीकडे परकीय चलन सहजी घेता येत नाही. ज्या घराचं दार बाहेरून आत उघडतं पण आतून बाहेर उघडत नाही, त्या घरात पाहुणा आपली पेटी ठेवत नाही. आणि दुसरं, माणसं. एक मूल धोरण पस्तीस वर्षं राबवल्यानंतर २०२२पासून चीनची लोकसंख्या घटू लागली. श्रीमंत होण्याआधी म्हातारं होण्याची धास्ती तिथल्या राज्यकर्त्यांनाही आहे.

अमेरिकेच्या बाबतीत उलटं आहे. तिचं नाणं अजून चालतं, पण ते चालवणाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकली आहे. २०२२ साली रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. हल्ला अन्यायाचाच होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण इतर देशांनी त्यातून मनात खूणगाठ बांधली की दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेला पैसा दुसऱ्याच्या मर्जीचा असतो. त्यानंतरची सलग तीन वर्षं जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांवर सोनं खरेदी केलं. विश्वास उडू लागला की बँकवालेसुद्धा आमच्या नानीसारखे वागतात.

आणि आपण? इथे मला थोडं अवघड वाटतं.

डॉ. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांचं २०२० सालच्या भारताविषयीचं पुस्तक १९९८मध्ये आलं. त्यात स्वप्न होतं विकसित देशाचं. शेती, आरोग्य, शिक्षण, वीज. आपण त्याचं केलं काय, तर 'महासत्ता' हा शब्द उचलला. 'विकसित देश' म्हणजे गावात पाणी हवं, दवाखान्यात डॉक्टर हवा. 'महासत्ता' म्हटलं की छाती फुगवली, काम झालं. मी स्वतः त्या काळात शाळांच्या स्नेहसंमेलनांत '२०२० साली भारत महासत्ता होणार' असं ठणकावून सांगितलेलं आहे. टाळ्याही घेतल्या. ते २०२० आलं. मार्चअखेर देश बंद झाला. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ, करमाडपाशी, रेल्वेच्या रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली माणसं. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल म्हणून चालत निघाली होती. रुळांवर पडलेल्या चपात्यांचं छायाचित्र वर्तमानपत्रांत आलं. मी ज्या सालाचं नाव घेऊन टाळ्या घेतल्या, त्या सालाचं माझ्या मनातलं चित्र ते आहे. त्यानंतर मी ते भाषण कुठे केलेलं नाही.

याचा अर्थ आपलं काहीच खरं नाही, असा नव्हे. २०२३मध्ये आपण लोकसंख्येत चीनच्या पुढे गेलो. अर्थव्यवस्था जगात चौथ्या-पाचव्या क्रमांकाची आहे. पण दरडोई उत्पन्न २०२४च्या हिशेबानं आपलं सुमारे २,७०० डॉलर, चीनचं १३ हजार, अमेरिकेचं ८० हजारांच्या वर. मोठं कुटुंब आणि श्रीमंत कुटुंब यांतला फरक कोकणातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

आणि रुपया? मे २०२३मध्ये शांघाय सहकार्य संघटनेची बैठक गोव्यात होती. तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव म्हणाले की आमचे अब्जावधी रुपये भारतातल्या बँकांत पडून आहेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलून हवेत. तेल विकून आलेले पैसे, आणि त्यांचं करायचं काय हे कळेना! मला मामूंच्या पेटीतली नोट आठवली. पण त्याच वर्षी जुलैत रिझर्व्ह बँक आणि अमिरातीची मध्यवर्ती बँक यांच्यात एकमेकांच्या चलनात व्यवहार करण्याचा करार झाला, आणि ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलनं अबुधाबीच्या तेलाचे पैसे रुपयात चुकते केले. छोटा व्यवहार. तरी १९६६ साली ज्या किनाऱ्यावरून रुपया उठला होता, तिथे तो पुन्हा टेकला. तो तिथे रुजतो की पाहुणा म्हणून जाऊन येतो, हे त्या किनाऱ्यावरचा व्यापारी ठरवेल. दिल्लीत किंवा मुंबईत बसून ते ठरणार नाही.

म्हणून त्या मुलाला मी आता उत्तर देईन ते असं. एकच एक महासत्ता, जिच्या तालावर जग नाचावं, अशी यापुढे बहुधा होणार नाही. अमेरिका उतरेल, पण हळूहळू. चीन चढेल, पण त्याच्या नाण्याला वेळ लागेल, कदाचित ते कधीच तसं चालणार नाही. आपण मोठे होत जाऊ. मात्र आपला कागद परक्यानं डोळे मिटून घ्यावा, असं वाटत असेल तर आधी आपल्याच माणसाला आपल्या शब्दाची खात्री हवी, की गाडी येणार म्हटलं म्हणजे येणार. हे मी कवी म्हणून बोलत नाही, मामूंच्या चोपड्या पाहिल्यात म्हणून बोलतोय.

शेवटी एक कबुली देतो. आमच्या गावातली निम्मी घरं अजून आखातावर उभी आहेत. २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी घरी पाठवलेली रक्कम सुमारे १२९ अब्ज डॉलर होती, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. जगात सगळ्यात जास्त. दिरहम डॉलरला बांधलेला आहे. १९७३ साली तो दोन रुपयांच्या आसपास होता, आता वीसच्या खूप वर गेला आहे. त्यामुळे टीव्हीवर 'रुपया कोसळला' अशी लाल अक्षरं दिसली की आमच्या गावात लोक खूश होतात. रात्री तीच माणसं नाक्यावर बसून भारत महासत्ता कधी होणार याची चर्चा करतात. मी हसतो त्यांना.

परवा मामूंच्या नातवाचा दुबईहून फोन आला. आमच्या मशिदीशेजारच्या घराचं छप्पर घालायचं आहे, त्यासाठी तो पैसे पाठवणार होता. म्हणाला, "थांबलो होतो काका, आज दर चांगला मिळाला." त्यानं आकडा सांगितला. मी मनातल्या मनात हिशेब केला, पत्र्याऐवजी कौलं बसतील एवढी रक्कम होत होती. खरं सांगतो, मला बरं वाटलं.